पाण्याचा आकडा अकरा

"अकरा हा आकडा पाण्याचा असू शकत नाही," विभागप्रमुख म्हणाले. "दुपारी तीनला पुन्हा येतो. तोवर तुमचे पाणी सुधारले नाही, तर फेलोशिप वाढवण्याच्या कागदावर मी सही करणार नाही."

बोलले ते केशवरावाला. पाहिले मात्र माझ्याकडे. बेंगळुरातल्या त्या संस्थेत अल्ट्रासॉनिक्सची प्रयोगशाळा माझ्या ताब्यात होती. साठचे दशक नुकतेच लागले होते. केशवराव माझ्या हाताखाली संशोधन करणारा, इथल्याच जुन्या मराठी घरातला. चारचौघांत मला सर म्हणे, एरवी अण्णा. फेलोशिप गेली असती तर संशोधन सोडून जवळच्या आनेकल गावच्या हायस्कुलात शिकवायला जाण्यावाचून त्याला गत्यंतर नव्हते.

काम काय होते ते सांगतो. द्रवातून जोरदार ध्वनिलहर सोडली की तिचा दाबलेला भाग किंचित वेगाने धावतो आणि विरळ भाग मागे रेंगाळतो. लहर पुढे झुकत जाते. या झुकण्यातून मूळ कंपनसंख्येच्या दुप्पट कंपनसंख्येचा एक नवा सूर उपजतो. अंतराबरोबर तो किती वाढतो हे मोजले की त्या द्रवाचा आकडा मिळतो. पाण्याचा सुमारे पाच. केशवरावाचा कधी आठ येई, कधी अकरा.

"अण्णा, अॅम्प्लिफायरच खोटा सूर घालत असणार."

"तो मी जोडलेला आहे."

"म्हणूनच म्हणतो."

बोलण्यापेक्षा तपासणे बरे. पाण्याच्या टाकीत सूर पकडणारा क्रिस्टल मी लहर सोडणाऱ्या क्रिस्टलच्या अगदी जवळ आणला. दोष अॅम्प्लिफायरचा असता, तर दुप्पट सूर तिथेही दिसला असता. ऑसिलोस्कोपवर दुप्पट सुराची रेघ जवळपास सपाट होती. क्रिस्टल दूर नेताच सूर अवाजवी वाढला. म्हणजे दोष पाण्यातच होता.

"पाणी माझ्यासमोर तयार कर," मी म्हणालो.

त्याने डिस्टिल्ड वॉटर घेतले आणि विरघळलेली हवा जावी म्हणून बराच वेळ उकळले. इथवर बिनचूक. मग त्याने दोन मोठे बीकर उचलले, एक हात उंच नेला आणि लांब धारेने पाणी एकातून दुसऱ्यात ओतू लागला. थेंबही सांडत नव्हता.

"हे काय चालले आहे?"

"निववतोय, अण्णा. टाकीत गरम घालून कसे चालेल?"

"असे रोज करतोस?"

"घरी कॉफी अशीच निववतो. स्वल्प फेस येतो, पण लगेच बसतो."

"बसतो तो डोळ्यांना दिसणारा."

त्याचा हात वरच्या वर थांबला. न दिसणारे बुडबुडे पाण्यात राहतात. हवा पाण्यापेक्षा कितीतरी सहज दाबली जाते. असे थोडे बुडबुडेही लहर भलतीच झुकवतात. तो पाणी मोजतच नव्हता.

पाणी पुन्हा उकळले. फ्लास्क काठोकाठ भरून बूच लावले आणि नळाच्या धारेखाली निववला. मग पाणी नळीने टाकीच्या तळाशी हळूच सोडले. आकडा पाचाच्या किंचित वर आला. पुन्हा मोजला, तोच.

तीनला विभागप्रमुख आले. आकडा पाहून त्यांचा चेहरा अधिकच कठोर झाला.

"सकाळी अकरा, आता पाच. मला हवा होता म्हणून पाच?"

केशवराव माझ्याकडे पाहू लागला. मी टाकीकडे बोट दाखवले. तो समजला. त्यातलेच पाणी काढून त्याने त्यांच्यासमोर उंचावरून चार-पाच वेळा ओतले, टाकीत परत घातले आणि मोजले. नऊ. मग तेच पाणी उकळून, बूच लावून निववले. पाच.

"आता इतर द्रव घ्या," विभागप्रमुख म्हणाले आणि सहीसाठी कागद मागवला.

दोष नाहीसा झाला म्हणजे तो कळला असे होत नाही. पाहिजे तेव्हा पुन्हा आणता आला, तरच कळला.