आबांचा चेहरा, चौथी प्रत

तात्या गेले, आणि त्यांचा फोटो लावायला आमच्या भिंतीवर जागा नाही.

आज तेरावं झालं. तात्या म्हणजे माझे आजोबा. उमरठच्या बाजूला आमची वाडी.

भिंत माणसांनी भरलेली आहे. सगळी काचेत. त्यातलं एकही माणूस आमचं नाही.

असं मी आजपर्यंत समजत होतो. आता मला नक्की सांगता येत नाही.

साठच्या दशकात तात्या मुंबईत एका चित्रकाराच्या स्टुडिओत कामाला होते. तांब्याच्या पत्र्यावर ॲसिडने चित्र कोरायचं, रेघांत शाई भरायची, वर ओला कागद ठेवून लोखंडी प्रेसमधून काढायचं. त्या प्रेसचं चाक तात्या फिरवायचे.

दर दिवाळीला साहेब म्हणायचे, तुला आवडेल तो एक प्रिंट घे.

तात्या फक्त माणसांचे घ्यायचे. साहेबांनी एकदा डोंगरांचा प्रिंट पुढे केला, तर म्हणाले, "डोंगर आमच्याकडं हायत साहेब. माणसं नायत. सगळी हितं आलीत."

फ्रेम करून, धोतरात गुंडाळून, एसटीत मांडीवर धरून आणायचे.

केस विंचरणारी बाई. पोत्यावर झोपलेला हमाल. मुलाला पाजणारी आई.

पहिली फ्रेम लागली त्या दिवशी शेजारीण डोळ्यांना पदर लावूनच दारात आली. "कोन गेलं रे?"

कारण आमच्याकडे देव कॅलेंडरवर असतो, आणि काचेत मेलेलं माणूस.

तात्या म्हणाले, "कोन नाय गेलं, वैनी. आलीय."

मग एका दिवाळीला पागोटेवाला माणूस आला. त्याच्याखाली पेन्सिलने 4/15 लिहिलं आहे. म्हणजे एकूण पंधरा प्रती काढल्या, त्यातली ही चौथी.

याला मात्र हार पडला. पितृपक्षात पान याच्यासमोर ठेवतात. घरात सगळे याला आबा म्हणतात.

आबा म्हणजे तात्यांचे वडील. त्यांचा फोटो कधी निघालाच नाही.

शाळेत असताना मी तात्यांना विचारलं होतं, हे खरंच आबा का?

"जेव आधी," म्हणाले.

आज काका महाडहून तात्यांचा फोटो मोठा करून घेऊन आले. हातोडी हातात घेऊन भिंतीसमोर उभे राहिले.

"ह्याला काढू," पागोटेवाल्याकडे बघून म्हणाले. "बाकीचे निदान शोभेचे हायत. ह्याला आपण उगाच पूजतोय."

तात्यांची धाकटी बहीण आक्का, सव गावात दिलेली, खाली बसली होती.

"त्याला हात लावू नको. माझा बाप हाय तो."

"आते, तुझा बाप नाय गो तो. छापलेला हाय. असे आणखी चौदा हायत कुठं कुठं."

"असूंदेत. दुसऱ्यांचा कोन असंल तो असंल."

मग तिने सांगितलं. हे मी कधी ऐकलं नव्हतं.

"आबा गेला तवा मी पाळन्यात. दादाला सगळं कळत होतं. मी त्याला सारखी विचारायची, आबा कसा दिसायचा रे? त्याला सांगता येईना. मग मुंबईवरनं हे घेऊन आला. म्हनला, बघ, असा."

काका म्हणाले, "आन आजी? तिनं तर नवरा बघितला होता. ती काय म्हनाली?"

"आईनं बघितलं आन डोक्यावर पदर घेतला."

"म्हणजे ओळखलं?"

"ते नाय सांगितलं तिनं."

"आजी पोस्टमनसमोर पन पदर घ्यायची," काका म्हणाले.

सगळे हसले. आक्कासुद्धा थोडी हसली.

माझं डोकं मात्र तिथेच अडकलं.

साहेबांनी कोणाला तरी समोर बसवून हे चित्र काढलं असणार. तो माणूस कोण? ओला कागद उचलताना तात्यांना त्यात खरोखर बाप दिसला? की बहीण ऐकेना म्हणून समोर आला तो माणूस घेऊन आले?

आबांना पाहिलेलं शेवटचं माणूस तात्या होते. आता विचारायला कोणी नाही.

आक्काने तात्यांचा फोटो उचलला आणि त्या फ्रेमशेजारी धरला.

"तू बघ रे. तू सगळं बारीक बघतोस, शिकलेला हायस. दिसतो का दादा त्याच्यात?"

मी दहावीला थांबलो. पण ती माझ्याकडेच बघत होती.

मी जवळ गेलो. जवळून नुसत्या रेघा दिसतात. मागे आलो की माणूस दिसतो. पुन्हा जवळ गेलो.

"नाक तेच आहे," म्हणालो.

आक्काने फोटो काकांच्या हातात दिला आणि ती आत चहा ठेवायला गेली.

काकांनी केस विंचरणारी बाई उतरवली आणि तिच्या खिळ्यावर तात्यांना लावलं. तिच्यासाठी कोणी भांडलं नाही.

तेव्हापासून मी कितीदा तरी जाऊन बघून आलो. कधी वाटतं, नाक अगदी तेच आहे. कधी वाटतं, अजिबात नाही. मी आक्काला खरं सांगितलं की खोटं, मला अजून समजत नाही.

तात्या, तिकडे आबा भेटले असतील तर तुम्हाला एव्हाना कळलं असेल, ते असेच दिसायचे की नाही.

आम्ही इकडे दोघांनाही एकसारखाच हार घातला आहे.

शेवटचा नमस्कार, तात्या.