डिझेल सांडलेला वाफा

भूकंपानंतरच्या वर्षांत लातूरच्या गल्लोगल्ली क्लासच्या पाट्या लागल्या. त्यातल्याच एका क्लासमध्ये मी जीवशास्त्र शिकवायचे. तेल खाणारे जिवाणू हा माझ्या लेखी एका गुणाचा प्रश्न होता. नाव पाठ करा, पुढे चला.

उन्हाळ्याच्या सुट्टीत अर्धापूरला माहेरी गेले होते. विहिरीवरच्या इंजिनासाठी पिंपातून कॅनमध्ये डिझेल घ्यायचं होतं. मी हौसेने नळी तोंडाने ओढून धार सुरू केली, तेवढ्यात एक पालक मुलाची गुणपत्रिका घेऊन थेट शेतात आले. गावातही आपल्याला कुणी मॅडम म्हणतंय याचं मला कोण अप्रूप! बसले बोलत. कॅन भरून वाहिला आणि अर्धं पिंप शेजारीच असलेल्या आईच्या भाजीच्या वाफ्यात गेलं.

मेथी, कोथिंबीर, वांगी, सगळं करपलं. लग्न होऊन आल्यापासून आईने तो वाफा सांभाळला होता. त्यावरून ती मला एका शब्दाने बोलली नाही. शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

नांदेडच्या कॉलेजात शिकवणाऱ्या मैत्रिणीकडे मी जिवाणूंची बाटली मागायला गेले. ती हसायलाच लागली. म्हणाली, ते तुझ्या मातीत आधीपासून आहेत. त्यांना हवा, ओल आणि थोडं खत दे, आणि धीर धर. एवढंही मला माहीत नव्हतं, आणि मी वर्ग भरभरून पोरांना शिकवत होते.

मग दर रविवारी लातूरहून पहिली एसटी. चाकूरला डोळा लागायचा, नांदेडला उघडायचा. वाफ्याभोवती बांध घातला, शेणखत आणि मूठभर युरिया कालवला, दर खेपेला माती खालीवर केली. जोराचा पाऊस लागला की घरचे ताडपत्री टाकायचे. श्रावण सरताना मूठभर माती नाकाशी धरली, तर डिझेलचा वास नाही. जीव भांड्यात पडला. तरी बी पेरायची हिंमत होईना. उगवलं नाही तर आईला काय तोंड दाखवू?

नवरात्रात सातव्या माळेला घरी गेले. देवघरात घटाचं धान वीतभर वाढून पिवळंधमक झालं होतं. घट नीट उगवला नाही तर वर्ष वाईट जातं असं आमच्याकडे मानतात, म्हणून आई त्याची माती फार निवडून घेते. मी सहज विचारलं, यंदा माती कुठली आणली.

"कुठली म्हणजे? माझ्या वाफ्यातली."

मला विचारायचं तरी, म्हटलं, उगवलं नसतं तर?

"तू दर ऐतवारी लातूरहून येऊन राहिली होतीस की," आई म्हणाली. "मला तेवढं लई होतं."

मी तिथेच घटासमोर बसले आणि पोटभर रडून घेतलं.