आण्णा कॉलेजात येतात

माझी कॉलेजची अ‍ॅडमिशन एका कावळ्यानं केली. लोकांची मार्कांवर होते, ओळखीवर होते. माझी नदीकाठी झाली, वडिलांच्या दहाव्याला, आणि सगळ्या औंढे गावादेखत झाली.

आधी वडिलांचं सांगते. आमचे आण्णा लोणावळ्यात एका बंगल्यावर माळी होते. माझी बारावी संपली आणि त्याच महिन्यात त्यांच्या दोन्ही किडन्यांनी काम बंद केलं. (पेपर मी दिले आणि नापास त्या झाल्या!) मग आठवड्यातून तीनदा तळेगावला डायलिसिस. आईला बंगल्यांची धुणीभांडी सोडता येईनात, भाऊबहीण कुणी नाही, त्यामुळे कॉलेजच्या बाकाऐवजी मी तीन वर्षं आण्णांच्या खाटेशेजारच्या स्टुलावर काढली. दर जूनला आण्णा विचारायचे,

"रेश्मे, औंदा तरी जाती का कॉलेजला?"

"पुढल्या साली जाईन."

"पुढल्या साली म्हंजी मी मेल्यावर, असं म्हन की सरळ!"

"आण्णा!"

"आगं, तसं असंल तर सांग. मला बी जरा घाई करता यील."

शेजारच्या खाटांवरचे पेशंट नळ्या सांभाळत हसायचे. मला हसू येत नसे, मी त्यांच्या पायावरची चादर उगाच नीट करत बसायची. पण माणूस शब्दाचा पक्का. चौथ्या जूनमध्ये, ऐन अ‍ॅडमिशनच्या आठवड्यात, आण्णा गेले.

आमचे डोळे सुकायच्या आत माझ्या लग्नाचं निघालं. काढलं बाळूनानांनी, म्हणजे आण्णांच्या धाकट्या भावानं. नानांची पर्यटकांना पॉइंट दाखवायची जीप आहे, आणि रोज दहा ठिकाणी हिंडणाऱ्या माणसाला दहा ठिकाणची स्थळं माहीत असतात.

"वैनी, वरसाच्या आत उरकलं तर उरकलं, न्हाईतर मग तीन वरसं थांबाया लागतं. कान्हे गावचा पोरगा हाय. सोताचा टेम्पो हाय."

"नाना, आण्णांना जाऊन आठच दिवस झालेत!" मी म्हटलं.

"त्येच म्हंतोय मी. आठ दिस तर हितंच गेलं!"

 आण्णा गेल्यापासून आई 'व्हय' आणि 'न्हाई' एवढ्यावरच दिवस काढत होती, आणि 'न्हाई' म्हणायचं तिच्यात त्राण उरलं नव्हतं. मला टेम्पोवाला नको होता. मला कॉलेजला जायचं होतं. पण बाप मेलेल्या घरात असलं काही बोलायची लाज वाटते हो!

दहाव्याला सगळे इंद्रायणीच्या काठी जमलो. पिंडापुढं नानांनी आण्णांच्या आवडीचं ताट वाढलं, म्हणजे डॉक्टरांनी बंद केलेलं एकूण एक! फरसाण, केळी, आंब्याचं लोणचं, वर तांब्याभर चहा. तीन वर्षं मी या माणसाचं पाणीसुद्धा मापून दिलं होतं. आता सगळं खुलं होतं, क्रिएटिनिन वाढायचा प्रश्नच नव्हता. ते ताट बघून मला असं रडू फुटलं की बायकांना मला धरावं लागलं.

आणि कावळा काही शिवेना! एक तर आमच्याकडचे कावळे पर्यटकांच्या भज्यांवर आणि कणसांवर पोसलेले. त्यांना कोरड्या भाताचं कसलं अप्रूप? एक कावळा समोरच्या पत्र्यावर येऊन बसला, मान वाकडी करून ताट बघितलं आणि पंख साफ करत बसला.

"आण्णाचा जीव कशात तरी आडाकलाय," गावातले जुने जाणते किसनआबा म्हणाले. "बाळू, शब्द दे."

नाना पुढं झाले, हात जोडले. "आण्णा, वैनीला अंतर देनार न्हाई."

कावळा ढिम्म.

"आण्णा, बांधावरचा आंबा तोडनार न्हाई."

ढिम्म. (नाना तो आंबा तोडणार होते, हे आम्हाला तेव्हा कळलं.)

"आण्णा, दारू सोडतो!"

कावळ्यानं नुसतं बघितलं. त्याचाही विश्वास बसला नसावा. आता नानांनी हुकमाचं पान काढलं. "आण्णा, रेश्मीचं लगीन लावून देतो, ह्याच दिवाळीनंतर, कान्ह्याच्या पोराशी!"

कावळा उठला आणि पाठ करून बसला. अख्ख्या गावानं बघितलं! बायकांत कुजबुज सुरू झाली. रिमझिम चालू होती, लोक उपाशी होते, भटजींना पुढं आणखी एक दहावा होता. शेवटी किसनआबा म्हणाले, "पोरीला बोलू द्या की. तिनं केलंय त्याचं समदं."

मला पुढं ढकललं. काय बोलणार? तोंडातून आलं ते एवढंच, "आण्णा, औंदा जाते कॉलेजला."

कावळा थेट पिंडावर! कावळा नुसता शिवला नाही, चांगला पाय रोवून जेवायला बसला. मागून आणखी पाचसहा आले आणि फरसाण उडालं.

"आवं आण्णा, कॉलेज का लगीन, नीट काय ते सांगा!" नाना कळवळून ओरडले, पण आण्णा तेव्हा केळं खात होते.

तर असं ठरलं. कावळ्याला दिलेला शब्द मोडायची आमच्याकडं कुणाची छाती नाही. तरी नानांनी घरी आल्यावर अट घातलीच. "जा. पन चार लोकांत आपलं हसं झालं, तर त्याच दिवशी कान्हे!"

मी कबूल केलं. मग वडगावला कचेरीत जाऊन शिक्षणातल्या गॅपचं प्रतिज्ञापत्र केलं. "तीन वर्षं काय करत होता?" असं तिथल्या माणसानं विचारल्यावर मी सगळं सांगायला लागले, तर त्यानं हातानं थांबवून 'घरगुती अडचण' असं टाइप केलं. माझा बाप दोन शब्दांत बसला. वर 'अडचण' झाला.

आता कॉलेजचा पहिला दिवस. माझं वय एकवीस, आजूबाजूची पोरं अठराची. गेटवर दोघींनी मला "गुड मॉर्निंग मॅडम" केलं. मी मान हलवली, काय करता! पण खरी भीती मागून येत होती. मागून नानांची जीप येत होती, जीपमध्ये आई होती आणि आईच्या मांडीवर आण्णा होते.

"नाना, फोटो कशाला?"

"आगं, शब्द दिलाय. पुरा केला त्ये दाखवाया नगं? न्हाईतर वरसश्राद्धाला पुन्ना जाऊन बसंल पत्र्यावर!"

फोटोबद्दल सांगायला हवं. आण्णांचा धड असा फोटो एकच, आधार कार्डावरचा, आणि त्यात ते पकडून आणल्यासारखे दिसत. म्हणून फोटोवाल्यानं मोठा करताना त्यांना कॉम्प्युटरवर काळा कोट घातला, लाल टाय बांधला, मागं पुस्तकांचं कपाट लावलं. वर चंदनाचा हार. जन्मभर गुलाबांना शेणखत घालणारा माझा बाप फोटोत एखाद्या बँकेचा चेअरमन दिसत होता.

नाना फोटो छातीशी धरून, पर्यटकांना दाखवतात तस्संच दाखवत चालले होते. "आण्णा, ह्ये गेट. ह्ये हापिस. हितं गाड्या लावायच्या." पोरं भिंतीला चिकटून वाट देत होती.

सभागृहात नव्या मुलांचा स्वागत समारंभ होता. स्टेजखाली टेबल, टेबलावर सरस्वतीचा फोटो, समई, फुलांचं ताट. नानांना आईसाठी खुर्ची शोधायची होती, म्हणून त्यांनी आण्णांना टेबलावर टेकवलं. "जरा येळ हं, आण्णा." तेवढ्यात शिपाई आला. टेबलावर कोट-टायवाला, हार घातलेला गृहस्थ बघून त्यानं तो फोटो फडक्यानं पुसला आणि सरस्वतीच्या शेजारी मधोमध मांडला!

मी उठले, पण त्याच क्षणी पाहुणे आले आणि सगळं सभागृह उभं राहिलं. "आता प्रमुख पाहुण्यांच्या हस्ते दीपप्रज्वलन आणि प्रतिमापूजन!" माइकवरचे सर त्याच वर्षी लागलेले. त्यांनी फोटोकडं बघितलं, क्षणभर अडखळले आणि ठोकून दिलं, "देवी सरस्वती आणि आपल्या संस्थेचे आदरणीय संस्थापक!"

पाहुण्यांनी आण्णांना फुलं वाहिली. प्राचार्यांनी वाहिली. (प्राचार्यही नवीनच बदलून आलेले!) सगळ्यांनी हात जोडले. भाषणात तर पाहुण्यांनी कळसच केला. "हे थोर पुरुष! यांच्या मांडीवर मी लहानपणी खेळलोय!"

पाहुणे साठीचे. आण्णा गेले ते बावन्नाव्या वर्षी.

मागून नाना उभे. "सायेब, आमच्या आण्णाला तुमी कुटं भेटलावता?"

सगळ्या माना वळल्या. "आपण कोण?" प्राचार्यांनी विचारलं.

"मी त्येंचा भाऊ."

झालं! संस्थापकांचे बंधू स्वतः हजर! दोघं जण धावले, नानांना स्टेजवर नेलं, शाल घातली, नारळ दिला, हातात माइक दिला. मी देवाला म्हटलं, मलाही उचल. नानांनी माइकवर दोनदा फुंकर मारली.

"आमचं आण्णा सातवी नापास. बंगल्यावर माळी व्हतं. किडन्या गेल्या, तीन वरसं लय हाल झालं, ह्या जूनात वारलं. तुमी परक्या लोकांनी एवढा मान दिला…" आणि नाना माइकमध्येच हुंदके देऊन रडायला लागले. "ही त्येंची पोरगी. उभी ऱ्हा गं रेश्मे!"

मी उभी राहिले.  मग मागच्या रांगेत कुणीतरी फिस्कन हसलं, आणि ते हसू सगळीकडं पसरलं. पाहुणे पाणी प्यायला लागले. मी पिशवी उचलली आणि पळाले ती थेट जीपपाशी. नाना मागून शालीसकट आले.

"नाना, झालं ना हसं? चला. कान्ह्याला कळवून टाका."

मला वाटलं, आता नाना फोन काढणार. नानांनी काढलाही. पण आईनं त्यांचा हात खाली केला. दोन महिन्यांत पहिल्यांदाच ती सलग बोलली.

"तुझा बाप गेला त्या दिशी पाऊस व्हता. खांदा द्याया मानसं मिळंनात, भावजींनी घरोघर जाऊन बोलावली. आज त्येला बघून एवढी मानसं उठली. हसली तर हसली. त्येनी काय चोरी केलीवती? आन तू त्येला तितं एकट्याला टाकून आलीस व्हय गं?"

खरंच की! फोटो टेबलावरच राहिला होता. आणायला मी आत गेले, डोळे पुसत, मान खाली घालून. तर दारातच प्राचार्य फोटो हातात धरून उभे. बिचारे ओशाळले होते. "ताई, चूक आमची झाली. हा घेऊन जा."

आई माझ्या मागं येऊन उभी होती. तिनं फोटो हातात घेतला, पदरानं काच पुसली आणि परत दिला. "ऱ्हाऊ द्या हितंच. घरी काय हाय? मी रडती त्ये बघत बसायचं? हितं पोरं हायेत, त्येंना बरं वाटंल. आन पोरीला बी सोबत."

प्राचार्यांना पूजन झालेल्या प्रतिमेला 'नाही' म्हणता येईना, आणि मलाही घरी पळता येईना. आण्णांना एकट्याला ठेवून जाणार कशी?

तेव्हापासून आण्णा वाचनालयात असतात, खिडकीच्या वरच्या बाजूला. पंधरा ऑगस्टला शिपाई त्यांनाही ताजा हार घालतो. यंदा आलेली पोरं तर त्यांना संस्थापकच समजतात, परीक्षेला जाताना नमस्कार करून जातात. मी आता खुलासा करायचं सोडून दिलं आहे. लेक्चर बुडवत नाही, बुडवायची सोयच नाही. सुट्टीत त्यांच्याच समोरच्या टेबलावर अभ्यास करते, कधी कुणी नसलं की थोडं रडूनही घेते.

आणि एवढं करून मागच्या महिन्यात निकाल लागला, तर अकाउंट्समध्ये केटी! ज्या पोरांनी आण्णांना नुसता जाता-जाता नमस्कार केला ती सगळी पास झाली. संस्थापकांची मुलगी तेवढी नापास!