कपाटातला राग

आमच्या यशोवर्धनाला राग आला की तो कपडे सारून कपाटात जाऊन बसतो. राजाजीनगरातल्या त्याच्या अर्ध्या कानडी घरी हे सगळ्यांच्या अंगवळणी पडलंय. एकदा मी गेले, तर माझी भावजय चंदना कपाटावर टकटक करत होती, "अहो, स्वल्प लवकर आटपा की. लग्नाला निघायचंय, माझी साडी आत आहे."

"पाच मिनिटं," आतून उत्तर आलं. "अजून उतरला नाही."

मला हसू आवरेना. पण कारण मला ठाऊक होतं. आमचे वडील भगवंतराव जमदग्नीच. त्यांची स्कूटर गल्लीत शिरली की आम्ही दोघं भावंडं वह्या उघडून बसायचो, सुट्टी असली तरी. म्हणून स्मृती जन्मली तेव्हा या पठ्ठ्यानं ठरवलं, पोरीला आपला चढलेला आवाज ऐकवायचा नाही. मग कपाटात उशी गेली, पाण्याची बाटली गेली, उन्हाळ्यात छोटा पंखासुद्धा गेला. "सहा वर्षांत एकदाही ओरडलो नाही, अक्का," असं मला तोऱ्यात सांगायचा.

गेल्या महिन्यात मी त्यांच्याकडे असताना शाळेतून फोन आला, स्मृती सापडत नाही. आम्ही ऑटोनं पोचेपर्यंत ती सापडली होती, खेळाच्या सामानाच्या कपाटात, चेंडूंच्या मागे. मैत्रिणीनं ढकललं म्हणून ती स्वतःच आत जाऊन बसली होती. गुडघा फुटलेला आणि डोळे कोरडे ठणठणीत. "ही कधी रडतच नाही," बाई म्हणाल्या. यशोवर्धनाचा चेहरा खर्रकन उतरला.

घरी येताच ती थेट त्याच्या कपाटात शिरली. तो दारापाशी फतकल मारून बसला.

"बाहेर ये, पुट्टी. इथं रड. माझ्यावर ओरड हवं तर."

"आत्ता माझा नंबर आहे," आतून आवाज आला.

तासभर विनवण्या चालल्या. चंदनानं केलेले दोसे गार झाले. मला तर त्या कपाटालाच लाथ घालावीशी वाटत होती. शेवटी दार धाडकन उघडलं आणि ती चिमुरडी बेंबीच्या देठापासून ओरडली, "एवढा उशीर का केलास शाळेत यायला?"

एक्केचाळीस वर्षांच्या माझ्या भावानं डोळे गच्च मिटले आणि दोन्ही कोपरं डोक्यावर धरली.

स्मृती बघतच राहिली. मग हळूच म्हणाली, "आप्पा, मी मारणार नाही. नुसती ओरडतेय."

मला रडू फुटलं. त्याची कोपरं खाली यायला बराच वेळ लागला.

"सरी, ठीक आहे," तो म्हणाला. "ओरड."