निळे झालेले सोने पुन्हा लाल झाले, त्या दुपारची हकीकत

“रिटायर सरांना दुपारची डुलकी लागली, तेवढ्यात पोरीनं बाटली बदलली, आणि सर उठून ‘चमत्कार, चमत्कार’ म्हणून ओरडत सुटले!”

आमच्या माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर हे फिरते आहे. खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग. मी लिहितो आहे ते त्या रांगेसाठी. मला डुलकी लागली नव्हती, आणि ‘चमत्कार’ हा शब्द मी उच्चारलेला नाही. वणीच्या महाविद्यालयात उभी हयात मी रसायनशास्त्र शिकवले. प्रयोगशाळेच्या दाराला कोणी लिंबू-मिरची बांधली, तर ती तोडून फेकणारा मीच.

वैशाली राजूरची, वडील कोळशाच्या खाणीत. बोअरच्या पाण्यातील फ्लोराइड सोन्याच्या नॅनोकणांनी ओळखायचे, हा तिचा एम.एस्सी.चा प्रकल्प. सोने अतिशय बारीक केले की पाण्यात ते पिवळे नव्हे, डाळिंबाच्या रसासारखे लाल दिसते. त्यात मीठ टाकले की कण एकमेकांना चिकटतात आणि रंग निळा होतो. विरजलेल्या दह्याचे जसे पुन्हा दूध होत नाही, तसे ते निळे पुन्हा लाल होत नाही.

त्या दिवशी प्रकल्प पाहायला मलाही बोलावले होते. विभागप्रमुख निमकर — माझेच विद्यार्थी — यांनी प्रथम मिठाची चाचणी करायला सांगितली. वैशालीने बाटलीतल्या लाल द्रवात मीठ ढवळले. तो निळा झाला. सर्वांचे समाधान झाले. तेवढ्यात लाईट गेली, आणि मंडळी कँटीनला निघाली. मी चहा घेत नाही. दाराशी खुर्ची टाकून बसलो. समोर टेबलावर ती बाटली.

प्रथम तळाशी एक लाल रेघ दिसली... मग ती वर चढू लागली, अगदी सावकाश. बाहेर कोळशाचे ट्रक जात असणारच. पण तेवढा वेळ मला कसलाही आवाज आला नाही. का, ते सांगता येत नाही. निळा रंग वर पातळ कड्यासारखा उरला, आणि मग तोही गेला.

मंडळी परतली. निमकरांनी बाटलीकडे पाहिले.

“बाटली कवा बदलली, वैशाली?”

“सर, मी त तुमच्यासमोरच बसली होती. समोसा तुमीच देल्ला मले!”

“मंग मैत्रिणीनं बदलली असन. असा प्रोजेक्ट मी पुढं पाठवत नसतो.”

“माह्या बापाले काय सांगू मी, सर?” तिला रडू फुटले.

“निमकर, दाराशी मी बसलो होतो,” मी म्हणालो. “या लबाडीत मलाही धरता का?”

“तसं नाही, सर... वय झालं तुमचं. डोळा लागला असन.”

वय! मी उठलो. बाटली बदलली असेल, तर हा ताजा लाल द्रव; त्यात मीठ नसणार. आणि मीठ असेल, तर तो लाल राहणार नाही. प्रयोगशाळेतले काहीही तोंडात घालू नये, हे मी प्रत्येक वर्गाला पहिल्याच तासाला बजावत आलो. त्या दुपारी मी बाटलीत बोट बुडवले आणि जिभेला लावले.

“अहो सर, काय करून राह्यले!” निमकर किंचाळले. मी बाटली त्यांच्यापुढे धरली. “चाखा.” त्यांनी दोन्ही हात पाठीमागे नेले. ग्रुपवर लिहिणाऱ्यांपैकी एकानेही ती चाखलेली नाही.

प्रकल्प आजही अडकलेला आहे, म्हणून मी गप्प बसणार नाही. खाणीत मेलेल्या कुणाचा आत्मा आला म्हणणाऱ्यांनाही मी उभे करत नाही. नंतर मी स्वतः तोच प्रयोग पुष्कळदा केला. निळे झाले ते निळेच राहिले. त्या दुपारी काय घडले, याचे उत्तर माझ्याकडे नाही, आणि बहुधा मिळणारही नाही. पण वैशालीवरचा आळ मागे घ्यायला उत्तराची गरजच काय? माझ्या बोटावरचा द्रव लाल होता, आणि तो खारट होता.