रंगूबाईचा भोंगा

दूध उतू जायच्या बेतात होतं, कामावर निघालेला ललित एका पायात मोजा चढवून दुसरा शोधत होता, आणि आतल्या खोलीत पोलिसांच्या गाडीचा भोंगा वाजला. घरात कोणी दचकलं नाही. शुभांगीने गॅस बारीक केला, चहाचा कप घेतला आणि ती सासूच्या खाटेकडे निघाली. तेवढ्यात दारावर थाप पडली. दारात लेकीच्या, योगिनीच्या शाळेतले विज्ञानाचे देवरे सर, तोंड पांढरंफटक.

"पोलीस आलेत घरात?"

"नाही हो सर. आईंना चहा हवाय."

खाटेवर रंगूबाई वाकड्या तोंडाने हसली. तिचं सगळं हसू आता डाव्याच गालावर मावायचं.

या बाईने उभा जन्म नाशकात गोदेच्या घाटावर, म्हणजे तिथल्या भाषेत गंगेवर, फुलं विकली होती. "शेवंतीऽऽ, झेंडूऽऽ" अशी तिने हाळी दिली की पलीकडच्या रिक्षावाल्यांनी मान वळवावी. बाजारात तिचं नावच पडलं होतं भोंगा. हाराची फुलं चिमटीत धरून नाक मुरडणारीला ती म्हणायची, "बाई, देवाला घालायचा का जावयाला? देवाला घाल. तो तक्रार करत नाय." गिऱ्हाईक चिडायचं आणि हार घेऊन जायचं. आदल्या थंडीत तिचं उजवं अंग लुळं पडलं आणि भोंगा बंद झाला. उरली ती पुटपुट. ती स्वयंपाकघरापर्यंत पोचायची नाही. मिक्सर चालू असला तर उशापर्यंतसुद्धा नाही.

यावर तोड काढली सातवीतल्या योगिनीने. तेलाच्या डब्याच्या पत्र्याच्या दोन पट्ट्या, मध्ये भोक पाडलेला स्पंजाचा तुकडा, आणि भावाच्या मोडक्या सायकलचा, पोलिसांच्या गाडीसारखा वाजणारा सेलवरचा भोंगा. आजीने डाव्या हाताने नुसतं दाबायचं. पट्ट्या भोकातून एकमेकींना टेकल्या की भोंगा सुरू.

"आज्जी, तुझा आवाज गेला तर गेला. आपण दुसरा बसवू," योगिनी म्हणाली होती. रंगूबाईने पहिल्याच दिवशी तो एवढा वाजवला की शेजारच्या वत्सलाबाई हातातलं लाटणं घेऊनच धावत आल्या.

हाच भोंगा योगिनीने शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी नोंदवला होता आणि त्याचसाठी सर आले होते.

"कल्पना भारी शे," सर म्हणाले. सर नामपूरचे. खुशीत आले की अहिराणीत घसरायचे, आणि कुणाची समजूत काढायची असली तरीही. "पण यंदाचा विषय आहे लोकोपयोगी प्रकल्प. आता, आजी म्हणजे काही लोक नाहीत."

रंगूबाईला या माणसाला टोपलीसमोर उभं करून दोन शब्द ऐकवावेसे वाटले. पण शब्द जिभेच्या उजव्या बाजूला जाऊन बसले ते उठेनात.

तिचा मुलगा ललित मात्र हातात मोजा घेऊन उभा राहिला. "पूर, सर! गंगेच्या पुराची सूचना!" ललितच्या पाणचक्कीला त्याच्या सातवीत उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं होतं. तो अपमान त्याने नोकरी, लग्न, दोन मुलं एवढं सगळं होऊनही नीट सांभाळून ठेवला होता.

बेत असा ठरला. थर्माकोलचा घाट, थर्माकोलचा दुतोंड्या मारुती, मारुतीच्या कमरेला दोन उघड्या तारा. मिठाचं पाणी कमरेला लागलं की तारा जोडल्या जाणार आणि भोंगा वाजणार. नाशकात पूर नदीतल्या या मारुतीच्या कमरेनेच मोजतात. मारुतीची कमर बुडाली म्हणजे बाजार आवरायचा, हे रंगूबाईला विज्ञानाच्या आधीपासून ठाऊक होतं.

"पप्पा, थर्माकोल तरंगतं," योगिनी म्हणाली.

"तू रंग दे. मोठी माणसं करतायत ना?"

मग तिने घाटाच्या पायऱ्या रंगवल्या, वडिलांनी बाकीचं विज्ञान केलं, आणि रंगूबाईच्या उशाजवळचा भोंगा पट्ट्यांसकट गेला.

"दोनच दिवस, आई," ललित म्हणाला आणि तिच्या हाताशी स्टीलचं ताट आणि चमचा ठेवून गेला.

चमचा डाव्या हातातून निसटायचा आणि खाटेखाली जायचा. तो वर घेण्यासाठी कुणाला हाक मारावी, तर त्यासाठीच तर तो चमचा होता. दुसऱ्या दिवशी दुपारी शुभांगीचा मिक्सर बंद होईपर्यंत व्हायचं ते होऊन गेलं. सुनेने मुकाट्याने चादर बदलली. रंगूबाई भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. भर बाजारात पोलिसाशी भांडली तेव्हाही तिने कधी मान खाली घातली नव्हती.

प्रदर्शनाची हकिकत योगिनीने संध्याकाळी खाटेवर बसून सांगितली. एका बाजूला खायच्या सोड्याचे ज्वालामुखी ओळीने उभे, दुसऱ्या बाजूला एकविसाव्या शतकातली खेडी, आणि प्रत्येक खेड्यामागे एक घामाघूम बाप. परीक्षक बाई आल्या. पाणी ओतलं. डिंक सुटला आणि मारुती वर उचलला गेला.

"जेवढं पाणी, तेवढा मारुती वर! आज्जी, त्याची कमर भिजेचना!"

"मंग?" रंगूबाईने विचारलं.

"मग पप्पांनी टेबलक्लॉथखाली तुझी पट्टी दाबली."

भोंगा वाजला. परीक्षक बाई म्हणाल्या, "वा! चालू प्रतिकृती!" त्यांनी योगिनीला तत्त्व विचारलं आणि ललितने मागून सांगितलं. पहिला नंबर.

चालू तर खराच, रंगूबाईच्या मनात आलं. माझ्याच पोटचा.

दोन दिवसांचे आठवडे झाले. प्रकल्प तालुक्याला निवडला गेला म्हणून भोंगा शाळेत राहिला. तालुका झाला, तेव्हा मुख्याध्यापिकांनी तो आपल्या खोलीतल्या काचेच्या कपाटात मांडला, पाहुण्यांना दिसावा म्हणून. योगिनीने दोनदा मागितला. सर म्हणाले, "शाळेचं नाव शे ते. अशी स्वार्थी होऊ नको."

मग एका सकाळी पुन्हा दारावर थाप. मुख्याध्यापिका, देवरे सर, गळ्यात कॅमेरा अडकवलेला स्थानिक पेपरचा माणूस, आणि सरांच्या दोन्ही हातांवर तोललेला मारुती. पेपरला फोटो हवा होता: पूरग्रस्तांची कैवारी बालवैज्ञानिक, घरच्या वातावरणात. ललितने इस्त्रीचा शर्ट घातला होता. शुभांगी आत चटणी वाटत होती. रंगूबाईला पाठीशी उशा देऊन बसवलं, मारुती तिच्या पुढ्यात ठेवला, आणि कॅमेरेवाला म्हणाला, "जरा हसू द्या आजींना."

रंगूबाईने डावा हात उचलून मारुतीच्या पायथ्याशी बसवलेल्या भोंग्याकडे नेला.

"बघा, नमस्कार करतायत!" मुख्याध्यापिका गहिवरल्या. "आजी, नातीच्या लोकोपयोगी प्रकल्पाबद्दल दोन शब्द?"

रंगूबाईचे ओठ हलले. मिक्सरच्या आवाजात काहीच ऐकू आलं नाही.

"आशीर्वाद देतायत," सरांनी अर्थ लावला.

"आईला लय अभिमान आहे," ललितने पुढे जोडलं.

योगिनी उठली, स्वयंपाकघरात गेली आणि तिने मिक्सरचं बटण बंद केलं. घर गप्प झालं. रंगूबाईने एकेकाकडे पाहिलं: सर, मुख्याध्यापिका, कॅमेरा, आणि शेवटी पोटचा पोरगा. जुन्या गिऱ्हाइकांना ऐकवायची तसली दहा वाक्यं तिच्या तोंडाशी आली होती. दहा तिला झेपणारी नव्हती. तिने एकच निवडलं आणि एकेक शब्द सावकाश बाहेर काढला.

"माझा भोंगा मला परत द्या."