डोहात सापडलेलं मोटारीचं चाक

मोटारीचं चाक चोरीला गेल्याची एकही तक्रार ठाण्यात नसताना, चाक चोरल्याच्या संशयावरून मी एका म्हाताऱ्या सुताराला तीन दिवस कोठडीत बसवलं. नोकरीतली बरीच प्रकरणं आता धूसर झाली आहेत. हे एक मात्र विसरू म्हटलं तरी विसरत नाही.

निजामाचं राज्य होतं आणि महायुद्ध चालू होतं. मी औरंगाबादेहून अमीन, म्हणजे आजचा फौजदार, होऊन उस्मानाबाद जिल्ह्यात नवाच आलो होतो. येरमाळ्यापासून दोन-तीन कोसांवरच्या एका बाजाराच्या गावी माझं ठाणं होतं. गावात मोटारी तीन: एक वकिलांची, एक डॉक्टरांची आणि एक जिनिंगवाल्या अप्पांची. संध्याकाळी हे तिघं जिनिंगच्या ओट्यावर बसत आणि चाकांखेरीज दुसरा विषय काढत नसत, कारण लढाईमुळे टायर मिळेनासे झाले होते.

"माझ्या ट्यूबमध्ये मूळ रबर कुठं उरलंय ते शोधावं लागतं," डॉक्टर म्हणत. "नुसती ठिगळं!"

"तुमाला ट्यूब तरी हाय," अप्पा म्हणत. "म्या मागच्या टायरात कडबा कोंबलाय. बाजारातनं गेलो की बैलं वास घेत मागं येत्यात."

वकील मात्र ताठ बसून सांगत, "उन्हाळ्यात माझ्या मोटारीची चाकंही करकरतात. पण सोलापूरच्या मिस्त्रीशिवाय मी कुणाला हात लावू देत नाही. मोटार म्हणजे काही बैलगाडी नव्हे."

मीही तिथं बसून जाणत्यासारखी मान हलवत असे. मला सायकलची उतरलेली चेनसुद्धा बसवता येत नव्हती, हे त्यांना माहीत नव्हतं.

अशातच मोहतमीमसाहेबांचा, म्हणजे आमच्या जिल्ह्याच्या पोलीसप्रमुखांचा, हुकूम आला: सोलापूरच्या रस्त्यावर मोटारींचे टायर चोरीला जात आहेत, नजर ठेवा. मी नजर ठेवायला उतावीळच होतो, आणि आठच दिवसांत खबर आली. नदीवर धुणं धुणारा परीट ठाण्यात येऊन म्हणाला, "सायेब, डोहात मोटारीचं चाक हाय. वर दगूड ठिवलाय."

"टायरसकट?"

"टायर न्हाय. नुसतं लाकडी आऱ्याचं."

माझ्या डोक्यात लगेच सगळं जुळलं. टायर काढून विकला आणि पुरावा पाण्यात दडवला! मी दोन जवान घेऊन करंजाच्या झुडपाआड दबा धरून बसलो. दुपारी गावातला म्हातारा सुतार आला, धोतर खोचून पाण्यात उतरला, दगड बाजूला केला आणि चाक उलटं करून पुन्हा दगड ठेवू लागला. आम्ही झडप घातली. पंच बोलावून पंचनामा केला, चाक जप्त केलं आणि सुताराला ठाण्यात आणलं.

"हे चाक इथं कशाला लपवलंस?" मी दरडावून विचारलं.

"लपवलं न्हाय. भिजत घातलंय."

"चाक म्हणजे काय हरभरे आहेत, भिजत घालायला?" मी म्हणालो आणि माझ्याच विनोदावर हसलो.

आमचे जमादार हळूच म्हणाले, "हुजूर, बैलगाडीची चाकं उन्हाळ्यात भिजवत्यात. लाकूड फुगतं, आरं घट्ट बसत्यात."

"जमादार, हे मोटारीचं चाक आहे!" मी गरजलो. मग मी पुन्हा सुताराकडे वळलो. "कुणाचं आहे?"

"त्ये सांगनार न्हाय. सबूद दिलाय."

कोठडीत बसूनही त्याचं उत्तर बदललं नाही. ओळख पटवण्यासाठी मी तिन्ही मोटारमालकांना ठाण्यात बोलावलं. डॉक्टरांनी चाक न्याहाळलं. "माझी चाकं लोखंडी, अप्पांचीही लोखंडी. वकीलसाहेब, हे तुमच्याच चाकांसारखं दिसतंय."

"माझी चारही चाकं जागेवर आहेत," वकील म्हणाले. "सोलापूरकडे अशा मोटारी पुष्कळ."

सुतार गजांआडून वकिलांकडे बघत होता. वकील चाकाकडे बघत होते. मी रोजनामच्यात लिहीत होतो: टोळी बहुधा सोलापूरची.

गुरुवारी सुताराचं चालान कोर्टात पाठवायचं ठरवलं. ठाण्याबाहेर शेतकरी मोडक्या तिफणी घेऊन ताटकळले होते. पेरणी तोंडावर आली होती आणि आसपासच्या चार गावांत तिफण नीट करणारा हा एकच माणूस होता. त्याची बायको भाकरी घेऊन यायची आणि मला एकच विचारायची, "सजा किती हुईल?" मी म्हणायचो, ते कोर्ट ठरवेल.

चाक मुद्देमाल म्हणून अंगणात भिंतीला टेकवलेलं होतं. वैशाखातलं ऊन. बुधवारी दुपारी कोठडीतून हाक आली, "सायेब, मला ठिवा किती बी दिस. पर त्या चाकावर वलं पोतं टाका! आरं सुटाया लागल्यात."

मी चिडून बाहेर आलो आणि चाक हलवून बघितलं. ते खुळखुळ्यासारखं वाजलं. आणखी एकदा हलवलं, तर एक आरा सरळ माझ्या हातात आला. मी त्या आऱ्याकडे बघत उभा राहिलो. चोर मालाची इतकी काळजी कशाला करेल? आणि तेव्हा कुठं मला आणखी एक गोष्ट आठवली. घरापासून कचेरीपर्यंतसुद्धा मोटारीतून येणारे वकील ओळख पटवायला पायी आले होते. त्यांचे बूट धुळीनं माखलेले होते.

तडक त्यांच्या घरी गेलो. मोटार पडवीत होती, वर चादर. चादर उचलली. तीन चाकं जागेवर, चौथ्याच्या जागी दगडांची चळत.

"सोलापूरच्या मिस्त्रीचं काय झालं?" मी विचारलं.

वकील खाली बसले. "अमीनसाहेब, त्या दोघांसमोर कसं सांगणार? माझ्या मोटारीचं चाक बैलगाडीसारखं डोहात भिजतंय म्हणून? अप्पांनी मला बाजारभर फिरवलं असतं."

"म्हणून तुम्ही त्या माणसाला तुरुंगात जाऊ देणार होता?"

त्यांनी उठून चादर पुन्हा मोटारीवर ओढली. मीही आणखी ताणलं नाही. सोलापूरच्या टोळीवर दोन पानी उर्दू अहवाल लिहून तो मोहतमीमसाहेबांकडे धाडायला मीच तयार ठेवला होता. मला तरी कुणाला बोलायचा काय अधिकार होता?

या प्रकरणानं मला एक गोष्ट शिकवली. गुन्हा लपवणारा माणूस चौकशीत कुठं तरी अडखळतो. नुसती लाज लपवणारा अडखळत नाही, तो तुमच्या डोळ्याला डोळा भिडवून खोटं बोलतो. आणि खरं बोलणारा पहिल्याच वाक्यात खरं सांगून मोकळा होतो. आपण तेव्हा हसत असतो.

त्याच संध्याकाळी सुताराला सोडलं. सुटका झाल्यावर तो घरी जाईल असं मला वाटलं होतं. तो अंगणात गेला, निखळलेला आरा ठोकून बसवला आणि चाक खांद्यावर घेऊन डोहाकडे निघाला. मी बरोबर गेलो. पाण्याच्या कडेला उभं राहून, तीन दिवसांत पहिल्यांदाच अहोजाहो करत म्हणालो, "मिस्त्री, माझी चूक झाली. तुम्हाला माझा राग आला असेल."

त्यानं चाकावर दगड नीट बसवला, हात धोतराला पुसले आणि मला वरपासून खालपर्यंत एकदा बघून घेतलं.

"राग कशाचा सायेब? ताज्या तोडलेल्या वल्या लाकडावर सुतार रागवत न्हाय, वाळाया ठिवतो. तुमी अजून कच्चंच हायसा. दोन-चार उन्हाळं खाल्ल्याबिगर तुमी कामाचं न्हाय."